पेशंटच्या रकान्यात नवरा

माझा आवाज मुळातच मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतेय. शेजारी बसलेला माणूस समोरच्या ट्रककडे टक लावून बघत गाडी त्याच ट्रकवर न्यायला लागला, तर त्याच्याशी कुजबुजत कोण बोलेल? पण आवाज मोठा असणं वेगळं आणि डोक्यात राख घालून घेणं वेगळं. गेल्या वर्षभरात माझ्या डोक्यात राखेशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं.

सुरुवात झाली ती अंगातून वाफा निघण्यापासून. बसल्या जागी, ध्यानीमनी नसताना, पोटात भट्टी पेटायची आणि मानेवरून कानापर्यंत चढायची. शिकणारा बिचारा स्वेटर घालून कुडकुडतोय आणि मी चारी काचा खाली करून वर एसी लावतेय, असा सगळा प्रकार. मग शब्द हरवायला लागले. एकदा चौकात ऐन वेळी ‘डावीकडे’ हा शब्दच सापडेना. “त्या... त्या ह्याच्याकडे वळा! अहो, ह्याच्याकडे!” असं मी ओरडले आणि शिकणारी बाई घाबरून सरळ पेट्रोलपंपात घुसली. तिथे तिने गाडी उभी मात्र अगदी झकास केली. मीच शिकवली होती ना.

आणि मग मुख्याध्यापकांचं प्रकरण झालं. निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीला टेकलेले, हौसेने गाडी शिकायला आलेले. क्लच हळू सोडा, असं मी त्यांना अकरा वेळा सांगितलं. बाराव्या वेळी मी काय बोलले ते नीट आठवत नाही, पण त्यात ‘तुमची शाळा’ आणि ‘पोरांचं नशीब’ असं काहीतरी होतं. त्यांनी शांतपणे हँडब्रेक ओढला, पट्टा काढला, भर सिग्नलला खाली उतरले आणि चालत घरी गेले. जाताना दार सुद्धा हळू लावलं. त्यांनी ते आपटलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मालकाने केबिनमध्ये बोलावलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा हा मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि त्यालाही गाडी मीच शिकवलेली. पण खुर्चीत बसला की मालक तो मालकच.

“मॅडम, ही तिसरी तक्रार,” तो टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत म्हणाला. “आणखी एक आली ना, तर माझा नाइलाज होईल. मग तुम्ही काउंटरला बसायचं. फॉर्म घ्यायचे, फोटो चिकटवायचे.”

“फोटो चिकटवायचे?”

“डिंक आपण देतो,” तो म्हणाला.

खरं सांगते, मी घाबरले. मेल्याला उलट उत्तर सुद्धा दिलं नाही. मला येतं काय, तर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला धीट करणं. तिथून उठवलं तर मी कोण उरते, हे मला पन्नासाव्या वर्षी नव्याने शोधायचं नव्हतं. आणि खरी भीती वेगळीच होती. वाटायचं, हे वयाचं नसेलच. मी मुळातच खडूस बाई असेन, आणि इतकी वर्षं फक्त निभावून नेलं असेल.

घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे लिफ्ट तपासतात. इमारतींमध्ये जायचं, लिफ्ट वरखाली करून बघायची, फॉर्म भरायचा, शिक्का मारायचा, तीस वर्षं हेच. माणूस इतका शांत की घरात आहे की नाही ते चपलांवरून ओळखावं लागतं. पाचव्या पातेल्यानंतर हे म्हणाले, “आमच्या कंपनीच्या विम्यात नवीन सोय आली आहे.”

“कसली?”

“रजोनिवृत्तीची. डॉक्टर व्हिडिओवर बघतात, घरबसल्या. सगळा खर्च विम्यातून. तीन संस्था दिल्यात, त्यातली एक निवडायची. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. एकदा निवडली की वर्षभर बदल नाही.”

“तुम्हाला कुणी सांगितलं मला रजोनिवृत्ती आहे म्हणून?”

“कुणी नाही,” हे म्हणाले आणि सहावं पातेलं हळूच माझ्या हातापासून लांब सरकवलं.

त्यांनी कुठला डॉक्टर निवडला होता, ते विचारायला मी नणंदेला फोन लावला. वन्सं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, यातून पार पडलेल्या. “अगं, मी कुठला डॉक्टर निवडतेय!” त्या म्हणाल्या. “मी दोन वर्षं फ्रीजचं दार उघडून समोर उभी राहिले. घरातल्यांना वाटायचं, ही लोणी शोधतेय. शेवटी रोज कुणीतरी लोणी आणून ठेवायला लागलं. तू आपली डॉक्टर बघ बाई, निदान वजन तरी वाढणार नाही.”

तिन्ही संस्थांची पहिली पंधरा मिनिटं फुकट होती, ओळखीपुरती. आता डॉक्टर पारखायची कशी? मला माणूस पारखायची एकच रीत माहीत आहे. गाडीची परीक्षा घ्यायचा आमचा छापील कागद असतो. आरशात बघतो का, इशारा देतो का, वेग सांभाळतो का, गोंधळला की काय करतो. प्रत्येक चुकीला एक रेघ, पंधराच्या वर रेघा गेल्या की नापास. मी स्कूलमधून तीन कागद उचलून आणले, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले.

पहिल्या संस्थेत माणूस नव्हताच. फोनवर एक हसरं फूल आलं आणि खाली अक्षरं उमटली, “नमस्कार सखी! आज तुझं मन कसं आहे?”

मी लिहिलं, “गरम.”

“किती सुंदर! ऊबदार मन ही एक देणगी आहे.”

मी लिहिलं, “झोप येत नाही.”

“झोप फार महत्त्वाची असते. तू झोपून बघितलंस का?”

मी फोन उशीखाली दाबला. असल्या फुलाला गाडीत बसवलं असतं, तर आरसा नाही, इशारा नाही, सरळ भिंतीत. चार मिनिटांत सोळा रेघा. नापास.

दुसरी संस्था बघून मात्र वाटलं, जमलं. डॉक्टरीणबाई अशा नटलेल्या की मी नकळत पदर सारखा केला, आणि मी तर पंजाबी ड्रेसमध्ये होते. मागे पुस्तकांचं कपाट, त्यात पांढरी फुलं. बाई बोलायला लागल्या ते लोण्यासारखं मऊ. हा ऱ्हास नाही, हा दुसरा सूर्योदय आहे. हा शेवट नाही, हे उमलणं आहे. वेग एकसारखा, कुठे धक्का नाही, गचका नाही. मी बरोबरच्या खुणा करत गेले. चौदाव्या मिनिटाला त्यांनी समुद्री शेवाळाची हिरवी पावडर दाखवली, दर महिन्याला एक डबा, ती मात्र विम्यात बसत नाही म्हणाल्या. पंधराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी मला एक प्रश्न विचारला नव्हता. समोर मी होते की आमचे हे, त्यांना काही फरक पडला नसता. आरशात न बघता गाडी हाकणारे असेच असतात, दिसायला फार छान चालवतात आणि एक दिवस सायकलवाल्याला घेऊन जातात.

तिसऱ्या संस्थेचा फोन लागला तेव्हा पडद्यावर पंखा होता. छताचा पंखा, मंद फिरत असलेला. खालून आवाज आला, “नमस्कार, ऐकू येतंय का?” मग आवाज गेला. मग काहीतरी पडलं. मग अर्धं कपाळ आलं. मी रेघांवर रेघा ओढत होते, आणि नेमकी त्याच वेळी भट्टी पेटली.

“अहो डॉक्टर, कॅमेरा खाली करा!” मी कडाडले. “मी काय माझं दुखणं तुमच्या पंख्याला दाखवायला बसलेय?”

कॅमेरा खाली आला. चाळिशीची बाई, केस विस्कटलेले, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. रागावली नाही. म्हणाली, “सॉरी हं. असं चिडायला लागून किती दिवस झाले?”

“जन्मापासून.”

“बरं. मग त्यातलं नवीन किती?”

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. एवढा साधा प्रश्न, पण मला आजवर कुणी विचारला नव्हता. ती पेन हातात धरून वाट बघत राहिली. मग वेळ संपला आणि फोन कट झाला. मी रेघा मोजल्या, सतरा.

शुक्रवारी दुपारी जेवताना ह्यांनी विचारलं, “मग, कोण पास?”

“कोणी नाही. दुसरी जवळजवळ पास होती.”

“मग दुसरी?”

“छे! तिसरी. परीक्षेत सतरा चुका केल्यात तिने, पण गाडीत बसायची वेळ आली तर मी हिच्याच गाडीत बसेन.” मला सात वाजेपर्यंत लागोपाठ चार जणांना शिकवायचं होतं. “अहो, तेवढा फॉर्म भरा सहाच्या आत. तिसरी. तिसरी म्हणजे तिसरी.”

“फॉर्म ना? भरतो की,” हे म्हणाले. आयुष्यभर फॉर्मच भरलेत, मला कसली काळजी?

साडेसातला घरात शिरले तर हे जेवणाच्या टेबलापाशी फोन पुढ्यात घेऊन बसलेले. चेहरा असा, की एखाद्या लिफ्टमध्ये स्वतःच अडकलेत.

“आला का निरोप?” मी विचारलं.

“आला.” ह्यांनी घसा साफ करून वाचला. “‘अभिनंदन महोदय! तुमच्या रजोनिवृत्तीच्या प्रवासात आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत.’”

“महोदय कोण?”

“मी,” हे म्हणाले.

मी फोन हिसकावून घेतला. झालं होतं असं, की ह्यांच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये पहिल्या रकान्यात तपासणाऱ्याचं नाव असतं आणि खाली लिफ्टच्या तक्रारी. तीस वर्षं हात तसाच चालतो. इथेही पहिल्या रकान्यात ‘नाव’ दिसलं, ह्यांनी आपलं नाव घातलं, जन्मतारीख आपली, लिंगाच्या रकान्यात पुरुष. त्या यंत्राने सगळं मुकाट्याने गिळलं. आणि खाली ‘त्रासाचे स्वरूप’मध्ये ह्यांनी शुद्ध भाषेत लिहिलं होतं: ‘कारण नसताना तापते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. दार जोरात आपटते. रात्री हालचाल जाणवते. बऱ्याच वर्षांपासून क्षमतेपेक्षा जास्त भार घेते.’

“मी लिफ्ट आहे?” मी ओरडले.

“नाही गं. पण दुसरं कसं लिहायचं ते सुचेना.”

विम्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा मधासारखा गोड. “सर, सेवा तुमच्या नावाने सुरू झाली आहे. आता बदल पुढच्या वर्षी.”

“अहो, पण मी पुरुष आहे,” हे म्हणाले.

“सर, आम्ही कुणाशीही भेदभाव करत नाही.”

“तसं नाही हो. मला रजोनिवृत्ती येणार कशी?”

“घाबरू नका सर, प्रत्येकाची वेळ वेगळी असते. सध्या गरमीचे झटके येतात का?”

“मला नाही, ते हिला...”

“लाजू नका सर. मोकळेपणाने बोला.”

आज मी हे सांगताना खो खो हसते. त्या दिवशी हसले नाही. एक वर्ष! वर्षभर नवऱ्याच्या नसलेल्या रजोनिवृत्तीवर उपचार होणार आणि मी काउंटरला फोटो चिकटवणार. शेवटी त्या मुलाने एवढंच सांगितलं, की पेशंटचं नाव चुकलं असेल तर ते फक्त डॉक्टर पहिल्या भेटीत बदलू शकतात. पहिली भेट सोमवारी चार वाजता, अर्थात ‘सरां’च्या नावाने.

सोमवारी चार ते साडेचार मला दोन शिकाऊंच्या मध्ये मोकळा वेळ होता. गाडी मैदानाच्या भिंतीशी लावली आणि फोन डॅशबोर्डवर टेकवला. हे इमारतीतून थेट चालत आले, खिशाला मोजपट्टी तशीच अडकवलेली. मी माझ्या नेहमीच्या सीटवर बसलेली, त्यामुळे ह्यांना बसायला उरली ती शिकणाऱ्याची. माझ्या हाताखालून हजारभर लोक शिकून गेले, पण आमचे हे काही त्या जागी बसले नाहीत. “संसार टिकवायचाय,” म्हणायचे. आज दोन्ही हात मांडीवर ठेवून, पायाखालच्या पेडलांना शिवायचं नाही अशा बेताने, अंग चोरून बसले.

डॉक्टरीणबाई आल्या, आज एकदम हनुवटीसकट. आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, “पेशंट कोण?”

“कागदावर मी,” हे म्हणाले. “त्रास हिला.”

त्यांनी फॉर्म उघडला, वाचला. “‘दोन मजल्यांच्या मध्ये अडकते’... म्हणजे?”

“मी लिफ्टवाला आहे,” ह्यांनी खुलासा केला.

बाईंनी तोंडावर हात धरला, चष्मा घसरला, चिकटपट्टीची काडी सुटली. दोन मिनिटं पडद्यावर नुसते खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाल्या, “नाव मी आजच बदलून पाठवते, त्याची काळजी सोडा. पण एक नीट ऐका. आत्ता मी प्रश्न विचारणार, आणि तुमच्या उत्तरांवरून विमा ठरवणार त्रास सौम्य आहे की तीव्र. तीव्र असेल तर आजच औषध सुरू. सौम्य असेल तर श्वासाचे व्यायाम, आणि पुढची भेट चार महिन्यांनी.”

चार महिने! चार महिन्यांत तर मी अर्ध्या गावाला सिग्नलवरून पायी घरी पाठवलं असतं.

“झोप कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे,” मी म्हणाले.

अहो, असं का म्हणाले मी? आजही कळत नाही. दुसऱ्याच्या चुका मोजायची बावीस वर्षांची सवय, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटली.

“गरमीचे झटके?”

“अधूनमधून.”

“विसरायला होतं?”

“सगळ्यांनाच होतं की.”

“रडू येतं?”

“छे! मला कशाला येईल?”

बाई लिहीत होत्या. त्या काय लिहीत असणार ते मला कळत होतं. सौम्य, सौम्य, सौम्य. माझ्याच हाताने मी काउंटरची खुर्ची पुढे ओढत होते, आणि तरी तोंडातून खरं काही निघत नव्हतं.

हे खाकरले. “मी बोललो तर चालेल? कागदावर अजून पेशंट मीच आहे.”

“बोला ना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझा पाय आपोआप माझ्या बाजूला, शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या ब्रेकवर गेला. गाडी बंद होती, तरी मी तो गच्च दाबून धरला.

“रात्री तीनदा उठते,” हे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. “पहिल्यांदा खिडकी उघडते. दुसऱ्यांदा कपडे बदलते. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन अंधारात बसते. झटके दिवसाला आठ ते नऊ, सुट्टीच्या दिवशी मी मोजलेत. शब्द सापडला नाही की खोलीतून निघून जाते, मग परत येऊन दुसरंच काहीतरी बोलते. आणि रविवारी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. वीस मिनिटं. बाहेर येते तेव्हा मी पेपर वाचत असतो.” थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे, वाचत नसतो.”

मला वाटत होतं, ह्या माणसाला लिफ्टच्या दोरखंडाशिवाय जगात काही दिसत नाही. मला त्याचा राग होता, वर्षभर होता. मी एकटीच जळतेय आणि हा शेजारी घोरतोय, असं मनात म्हणत मी किती भांडी आपटली असतील!

“बोलला का नाहीत कधी?” मी विचारलं. आवाज नेहमीसारखा काढायला गेले, निघाला नाही.

“बोललो असतो तर तू नळ सोडूनही रडली नसतीस,” हे म्हणाले. “मग कुठे रडली असतीस?”

मी खिडकीबाहेर बघितलं, नाक पुसलं, पुन्हा बघितलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “ताई, ह्यांनी सांगितलं ते मला तुमच्या तोंडून हवं. तसा नियम आहे. हे बरोबर आहे का?”

“नाही,” मी म्हणाले.

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“बरोबर नाही,” मी म्हणाले. “तीनदा नाही, पाचदा उठते मी. दोनदा हे झोपलेले असतात.”